पितरांना न चालणारी मिरची

श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची चालत नाही, मिरी चालतात, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. का चालत नाही ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. त्याचं कारण सांगायची अवदसा मलाच आठवली. मी तेव्हा हुबळीच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो आणि इतिहासाच्या मास्तराला कशाचंही कारण सांगितल्याशिवाय अन्न पचत नाही. माझं पचलं. अक्काच्या तोंडची चव मात्र त्या दिवसापासून गेली, आणि ती मी घालवली.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, नात्याने माझी आत्या. वडील तिला कन्नड रिवाजाने अक्का म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायला लागलो आणि पुढे माझी बायकोही. अक्काचं लग्न लहानपणीच कलघटगीच्या एका मुलाशी झालं होतं. नांदायला जायच्या आधीच तो तापाने गेला. मग लाल आलवण, डोक्यावरून पदर, एक वेळचं जेवण, कडक सोवळं, कांदा-लसूण बंद. माझी आई लवकर गेली, तेव्हा मला वाढवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. पुढे वडीलही गेले. पण अक्का बिचारी नव्हती. तिला कुणी बिचारी म्हटलं तर ती त्या माणसाला असं काही ऐकवी की तो पुन्हा आमच्या आळीतून जाताना मान खाली घालून जाई.

तिने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट ठेवली होती, ती म्हणजे रंजका. आम्ही कमरीपेठेत राहत होतो. पौषात ओल्या लाल मिरच्यांच्या टोपल्या दारावर यायला लागल्या की अक्का स्वतः उठून बाहेर येई, मिरची मोडून वास घेई आणि विकणारणीशी कन्नडात भांडून भांडून भाव पाडी. मग देठ काढायचे, एकेक मिरची धुऊन पुसायची, सोवळ्यातल्या पाट्यावर मीठ, मेथी आणि हिंग घालून वाटायची आणि वर लिंबू पिळायचं. इतरांच्या रंजक्यात लसूण असे, हिच्यात नाही. तरी शेजारच्या बायका वाटी घेऊन हिच्याकडेच येत. दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरातल्या तिच्या कोपऱ्यात पान मांडून बसे. ज्वारीची भाकरी, तिच्यावर हा रंजका, आणि रंजक्याला मध्ये बोटाने खळगा करून त्यात तेल. पहिल्या घासाला तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि ती गालातल्या गालात हसायची. मी लहानपणापासून ते हसू बघत आलो होतो. एरवी ती तशी हसत नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. आमच्या पुस्तकात एक धडा होता: युरोपातले लोक समुद्र ओलांडून बाहेर का पडले आणि कसे पडले. का पडले त्याची कारणं छापलेली होती. सोनं, धर्मप्रसार, कीर्ती. पोरं ती घोकून टाकत. मला त्यात एक भर घालायची खाज होती. मी सांगे, पोरांनो, तुमच्या आईच्या मसाल्याच्या डब्यात हात घाला. हे जे काळे दाणे आहेत ना, ह्यांच्यापायी हे सगळं झालं. मलबारातली मिरी अरबांच्या गलबतातून जात, मग उंटाच्या पाठीवरून, मग व्हेनिसच्या सावकारांच्या वखारीतून. प्रत्येक हाताला दलाली. पार पश्चिमेच्या टोकाला राहणाऱ्या पोर्तुगीजांपर्यंत पोचेस्तोवर मिऱ्यांचा भाव आभाळाला भिडलेला. तेव्हा त्यांनी ठरवलं, मधले दलाल उडवायचे. माझ्या वर्गात निम्मी पोरं बाजारातल्या दुकानदारांची. दलाल उडवायचा म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

पण नुसती इच्छा असून भागत नाही, साधनं लागतात, हा धड्याचा दुसरा भाग. त्यात माझी खरी हौस होती. धारवाड-हुबळीच्या माणसाला पाणी म्हणजे उणकलचा तलाव. समुद्र मीच उभ्या जन्मात पाहिला नव्हता, मग पोरांना काय दाखवणार. म्हणून मी एका रविवारी त्यांना उणकलला चालत नेलं. लाकडाच्या दोन होड्या केल्या होत्या. एकीला चौकोनी शीड, दुसरीला बायकोच्या जुन्या लुगड्याचं त्रिकोणी. चौकोनी शीड वारा पाठीशी असेल तरच चालतं. त्रिकोणी शीड वाऱ्याला तिरकं धरून नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या तोंडावरही पुढे सरकतं, आणि ही युक्ती त्या लोकांनी अरबांकडून उचलली, हे मी ओरडून ओरडून सांगत होतो. माझी त्रिकोणी होडी दोन हात गेली आणि बुडाली. पोरं इतकी खूश झाली की मलाही राग आला नाही.

होकायंत्राची तालीम मी घरीच केली. शाळेतून लोहचुंबक आणलं, शिवणाच्या सुईवर घासलं, सुई ज्वारीच्या ताटाच्या भेंडात खुपसली आणि परातीतल्या पाण्यावर सोडली. सुई डुगडुगली, फिरली आणि थांबली. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआतून बघत होती. मी शाळेतून आलेला, म्हणजे ओवळा, म्हणून ती जवळ येत नव्हती, पण मान लांब करून बघत होती.

"आपणहून वळली की रे."

"उत्तरेला वळते, अक्का. ढग असोत, काळोख असो, तारा दिसो न दिसो. ह्या सुईच्या भरवशावर गलबतं भर समुद्रात गेली."

"आणि दुसरं टोक?"

"ते दक्षिणेला."

"मग उत्तरेचंच काय कौतुक सांगतोस? पितरांकडेही बघतीय की ती."

दक्षिण ही पितरांची दिशा. मी मोठ्याने हसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात ते विनोद म्हणून सांगितलं, पोरंही हसली. आपल्याच घरच्या माणसाला मी पोरांना हसवायला वापरतो आहे असं तेव्हा मनातही आलं नाही.

मग तो रविवार आला. माघ असावा. नव्या रंजक्याची बरणी भरलेली होती. माझं जेवण झालं होतं आणि मी सवयीप्रमाणे उंबऱ्याबाहेर पाटावर बसून सुपारी कातरत होतो. अक्का पानावर बसली होती. मी उद्याच्या तासाची तयारी तिच्यावर करत असे. ती ऐकून घेई, मधून काहीतरी तिरकस बोले, आणि त्यातून मला पोरांना काय समजणार नाही ते समजे.

"काय रे, एवढा समुद्र कशापायी ओलांडला म्हणालास?"

"मिऱ्यांपायी."

"घरदार सोडून, मिऱ्यांपायी?" तिने भाकरीच्या तुकड्याने रंजका उचलला. "येडेच की. मिरी काय, घशाला जरा चुरचुरतात झालं. न्यायची तर मिरची न्यायची."

हवा तो प्रश्न विद्यार्थ्याने आपणहून विचारला की मास्तराचं काळीज सुपाएवढं होतं. मी अडकित्ता खाली ठेवला आणि सांगितलं. मिरची तेव्हा आपल्याकडे नव्हतीच, अक्का. एक कप्तान पूर्वेऐवजी पश्चिमेने निघाला, मिरी शोधायलाच, आणि भलत्याच मुलखाला जाऊन लागला. तिथे त्याला ही तिखट फळं मिळाली. मिरी सापडली नाहीत हे परत जाऊन राणीला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने ह्या फळालाच मिऱ्याचं नाव देऊन टाकलं. पुढे पोर्तुगीजांनी ते आपल्या गलबतांतून गोव्याला आणलं आणि तिथून ते घाट चढून वर आलं. आणि गंमत अशी की आपणही त्याचीच री ओढली. मिरीवरून मिरची. कन्नडात तर सगळं उघडंच आहे: मेणसु म्हणजे मिरी, आणि मिरचीला काय म्हणतो आपण? मेणसिनकाई, मेणसाचं फळ. त्या माणसाची चूक आपण दोन्ही भाषांत जपून ठेवली आहे.

हे सगळं मी एका दमात बोललो. अजूनही तो धडा मला तसाच पाठ आहे.

अक्काचा हात पानावरच थांबला होता. "म्हणजे ही त्यांच्या गलबतातून आली."

"हो."

"आणि त्याच्या आधी आपले लोक मिरीच खायचे."

"मिरी, आलं, पिंपळी."

ती जराशाने म्हणाली, "म्हणूनच."

"काय म्हणूनच?"

"श्राद्धाला चालत नाही ती. पितरांच्या ओळखीची नाही."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अगदी बरोबर, अक्का. शाबास." वर्गात पहिल्या बाकावरच्या पोराला म्हणावं तसं.

अक्का पानात कधी काही टाकत नसे. त्या दिवशी तिने उरलेली भाकरी दह्याशी संपवली आणि पानाच्या कडेला रंजका तसाच राहिला, मध्ये तेलाच्या खळग्यासकट. मला तो दिसला. पण मी तेव्हा अक्काच्या त्या एका वाक्यावर इतका लुब्ध झालो होतो की ते सोमवारच्या तासाला कुठे बसवायचं ह्याचाच विचार करत राहिलो.

बायकोच्या मात्र लक्षात आलं. दोन-तीन दिवसांनी ती मला म्हणाली, "अक्कांनी रंजक्याची बरणी सोवळ्यातून काढून आपल्या फडताळात ठेवलीय. तुम्ही खाऊन टाका म्हणाल्या. काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

मी म्हटलं, "इतिहास."

"मग आता तो परत घ्या," ती म्हणाली.

परत घेता येईना. मी आधी थट्टेवारी नेलं. अक्का, म्हटलं, गलबतं बुडून किती काळ लोटला, तू आज बरणी कशाला बुडवतेस? ती हसली नाही आणि रागावलीही नाही, नुसती वाती वळत राहिली. तेव्हा मी आमच्या घरी श्राद्धाला येणाऱ्या गुरुजींकडे गेलो. ते फार शहाणे गृहस्थ होते. सगळं ऐकून म्हणाले, "अहो मास्तर, शास्त्रात मिरचीचा निषेध कुठे नाही. शास्त्रात मिरचीच नाही. जी नाहीच तिला नको कोण म्हणणार? श्राद्धात वाढत नाहीत, एवढी चाल आहे. एरवी खुशाल खावी." मी त्यांना घरी घेऊन आलो. त्यांनी हेच अक्काला सांगितलं. तिने ऐकलं, त्यांना दक्षिणा आणि दूध दिलं, नमस्कार केला. रंजका काही सोवळ्यात परत गेला नाही.

गुरुजी गेल्यावर ती मला म्हणाली, "त्यांना कशाला त्रास दिलास? ते म्हणतात ते खरं असेल."

"मग खा की."

तिने पदर सारखा केला. अक्का स्वतःविषयी बोलत नसे, त्यामुळे ती बोलायला लागली तेव्हा मला उठून जावंसं वाटलं.

"मी त्याला नीट बघितलंसुद्धा नाही रे. अंतरपाट होता, मग गर्दी होती, मग मला झोप लागली. तोंड आठवत नाही. त्याच्या घरात पुरुष माणूस कुणी उरलं नाही म्हणून त्याचं श्राद्ध आपण करतो. वर्षातून तो एक दिवस येतो. मी रांधते, तो पानावर बसतो. एवढाच आमचा संसार. आणि त्याच्या पानात जे वाढायची सोय नाही ते बाकीचे सगळे दिवस मी चवीनं खात बसले होते. खाताना मला आत काहीतरी वाटायचंच. एवढं सुख कशाचं होतंय म्हणून. ठाऊक नव्हतं तोवर ठीक होतं. आता तू सांगितलंस."

'आता तू सांगितलंस' ह्यात दोष दिल्याचा सूर मुळीच नव्हता. मी पेढा आणून दिला असता तरी ती त्याच आवाजात बोलली असती. तो सूर असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणात कदाचित मला सुचायचं ते सुचलं असतं.

त्यानंतर मला वेगळीच धास्ती बसली. मिरचीबरोबर आणखी काय काय आलं होतं ते मला ठाऊक होतं. बटाटा, रताळं, भुईमूग, पेरू, सगळी त्याच वाटेची वऱ्हाडी मंडळी. आणि अक्काच्या एकादशीच्या पानात दुसरं होतं काय? उकडलेलं रताळं, शेंगदाण्याची आमटी आणि वरीचा भात. हे तिच्या कानावर गेलं तर ती एकादशीला पाण्यावर राहील, आणि मी पुन्हा शाबास म्हणायला मोकळा. प्रत्येक एकादशीला मी तिच्या पानाकडे चोरासारखा बघत असे. ती रताळ्याची साल काढायला लागली की मला शाळेत लवकर जायचं असे.

गल्लीतली दोन पोरं माझ्या वर्गात होती आणि त्यांच्या आया दुपारी अक्काकडे बसायला येत. म्हणून त्या धड्याच्या शेवटचं अर्धं पान, गलबतांनी कुठून कुठे काय नेलं ते, मी शिकवायचंच बंद केलं. दरवर्षी होकायंत्र झालं, शीड झालं, तोफा झाल्या की घंटा व्हायच्या आत मी पुढच्या धड्यावर उडी मारी. एका वर्षी परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि माझ्या वर्गाने झाडून सगळ्यांनी तो कोरा सोडला. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा मी वेळ पुरला नाही असं सांगितलं. एका रताळ्यापायी मी एवढ्या पोरांचे गुण घालवले, आणि इकडे अक्काला भाकरी गोड लागत नव्हती ती नव्हतीच.

बायकोने एकदा मिऱ्यांचा रंजका करून पाहिला. मिरी भिजवून, वाटून, त्यात मीठ, मेथी, लिंबू. अक्काने घास घेतला, ठसका लागला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चांगलं केलंयस हो." दुसऱ्यांदा घेतलं नाही. दीड भाकरी खाणारी बाई हळूहळू अर्धीवर आली. घरात मग आम्हीही रंजका करेनासे झालो. तिच्यासमोर खायचा कसा? पण जीभ माझी, तिला कुठली लाज. मी बाजारात जाऊन मिरचीची भजी खाई, नळावर तोंड धुई आणि खिशातली वेलची चघळत घरी येई. अक्का उंबऱ्याआतून विचारी, "आज वेलची कशी काय?" मी म्हणे, डोकं दुखत होतं.

लढाई सुरू झाली. तांदूळ मिळेना, रॉकेल मिळेना, लोकांना बोलायला दुसरे विषय आले. आमच्या घरात मिरची हा विषय उरलाच नव्हता, आणि विषय मिटला म्हणजे दुखणंही मिटलं अशी मी समजूत करून घेतली होती. मग एका पावसाळ्यानंतर अक्का तापाने पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासना परत आली नाही. पेज पुढे केली की तोंड फिरवी. डॉक्टर म्हणाले, "पथ्यबिथ्य काही नको. जे मागतील ते द्या. जिभेला चव आली तर पोटात काही जाईल."

बायकोने कुठून तरी ओल्या लाल मिरच्या मिळवल्या. अंघोळ करून, ओलेत्याने, अक्काच्या पाट्यावर, अक्काच्याच रीतीने रंजका वाटला. मेथी-हिंगाचा वास घरभर झाला. अक्काने डोळे उघडले. तिच्या नाकपुड्या हलल्या ते मी पाहिलं. पण वाटी जवळ नेली तर तिने मान हलवली.

तेव्हा मला वाटलं, पुस्तकाने घेतलंय ते पुस्तकानेच परत द्यावं. मी आत जाऊन शाळेचं इतिहासाचं पुस्तक घेऊन आलो आणि तिच्या उशाशी बसलो.

"अक्का, ती मिरचीची गोष्ट चुकीची निघाली. नवं संशोधन झालंय. मिरची आपलीच आहे, पहिल्यापासूनची. नव्या पुस्तकात आलंय."

"आलंय?"

"हे बघ."

"वाचून दाखव," ती म्हणाली. अक्काला वाचता येत नव्हतं.

मी धड्याचं पान उघडलं आणि वाचायला लागलो. पानावर होकायंत्राविषयी लिहिलं होतं. मी वाचत होतो, प्राचीन काळापासून ह्या देशात मिरचीची लागवड होत असे, ऋषिमुनींच्या आश्रमांभोवती तिचे वाफे असत. आवाज खणखणीत ठेवला होता. बायको दारात वाटी घेऊन उभी होती. माझं वाचून संपलं तेव्हा अक्काने हात पुढे केला आणि पानावर ठेवला.

"हे गलबताचंच पान आहे," ती म्हणाली. "चित्र माझ्या ओळखीचं आहे. तूच दाखवलं होतंस."

पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्रिकोणी शिडाचं गलबत होतं, मी ते इतकी वर्षं शिकवलं होतं आणि आज मलाच ते दिसलं नव्हतं.

"माझ्यासाठी पुस्तक बदलू नकोस," अक्का म्हणाली. "पोरांना मग काय शिकवशील?"

तिला ठाऊक नव्हतं, पोरांसाठीचं पुस्तक मी कधीच बदललं होतं. ते तरी सांगायचं होतं मला. पण सांगितलं असतं तर कशापायी बदललं हे सांगावं लागलं असतं, आणि मग तिने रताळंही सोडलं असतं. मी पुस्तक मिटलं. बायकोने वाटी आत नेऊन ठेवली. त्यानंतर अक्का फार दिवस राहिली नाही.

ती गेल्यावर समाचाराला माणसं आली, त्यात कलघटगीहून एक म्हातारी आली. अक्काच्या नवऱ्याची चुलत बहीण. तिला मी पूर्वी एकदाच कुठल्याशा लग्नात ओझरतं पाहिलं होतं. कंबर वाकलेली, नातवाचा हात धरून गाडीतून उतरली, ओसरीवर बसली, डोळे पुसले आणि अक्का कशाने गेली, शेवटी काय खाल्लं, काय मागितलं, सगळं विचारायला लागली. बायकोने तिला सांगितलं. ताप सांगितला, पेज सांगितली आणि मग रंजक्याचंही सांगितलं, की अक्कांनी मिरची सोडली होती, श्राद्धाला त्यांच्या यजमानांच्या पानात चालत नाही म्हणून.

म्हातारीने कानामागे हात धरला. "कुणाच्या पानात?"

"त्यांच्या यजमानांच्या. तुमच्या भावाच्या."

"अय्यो," म्हातारी म्हणाली आणि तिला हसूच आलं, समाचाराला आली होती तरी. "तो होय? मेणसिनकाईशिवाय घास उचलत नव्हता तो. आमच्या परड्यात मिरच्या होत्या, त्या पिकू देत नव्हता, हिरव्याच तोडून न्यायचा. आई त्याला रंजक्याची बरणी दिसू द्यायची नाही. तापात पडला तेव्हासुद्धा भाकरी आणि खारा, हा रंजकाच की, मागत होता, बघा. दिला नाही आम्ही. वैद्यांनी नको म्हटलं होतं."

मी भिंतीला टेकून बसलो होतो. मिरची घाट चढून वर येऊन दहा पिढ्या झाल्या, हे मला पाठ होतं. ती आली, रुजली, कलघटगीच्या परड्यात लागली, आणि एका मुलाने ती तोडून खाल्ली. इतकं सरळ होतं. ह्याला इतिहास येणारा माणूससुद्धा लागत नव्हता, नुसता हिशेबी माणूस पुरला असता. गलबत कधी आलं ते मी अक्काला सांगितलं, आणि तिचा नवरा त्यानंतर किती काळाने जन्मला हे सांगायचं मला एकदाही सुचलं नाही. तिला तो एवढा जुना वाटत होता, कारण तो पितर झाला होता. मलाही तो पितरच वाटला.

म्हातारीचं हसू थांबलं होतं. तिने पदराने पुन्हा डोळे टिपले.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "कुणी सांगितलं नाही होय तिला?"

ती कुणा एकाला विचारत नव्हती. पण घरात पुरुष माणूस मी एकटाच होतो, म्हणून बघत माझ्याकडे होती.